तानपुरा कुठे गेला?



या पानावर आजवर सुलतान बाजारच्या, गौळीगुड्याच्या, काचीगुड्याच्या आठवणी पुष्कळ आल्या. वाडे आले, शाळा आल्या, गणपती आले. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय सगळ्यांच्या घरातला आहे, पण त्यालाही इतिहास असतो हे आपल्या लक्षात येत नाही.

मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात आणि आपण हैदराबादेत, अशी आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती. रविवारी सकाळी कॉल लागतो. गप्पा अगदी स्वच्छ ऐकू येतात, शेजारी बसल्यासारख्या. मग आपण म्हणतो, "थांब रे, तुला एक जुनं गाणं ऐकवतो," आणि कॉम्प्युटरवर गाणं लावतो. पलीकडून उत्तर येतं, "बाबा, काहीच ऐकू येत नाहीये." किंवा, "तुटक तुटक येतंय." किंवा नुसतंच "येतंय, येतंय," आपल्याला बरं वाटावं म्हणून.

बोलणं पोचतं आणि गाणं पोचत नाही, असं का? मी बी.कॉम. झालेला माणूस, सदतीस वर्षं बँकेत काढली. इंजिनीअरिंगशी माझा संबंध नाही. पण संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर घरी जायचं नाही, ही बँकेची सवय अजून सुटलेली नाही. म्हणून दोन-तीन वर्षं जमेल तसं वाचत गेलो, नातवांना विचारत गेलो. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

आधी आपल्या गावाची गोष्ट. हैदराबादच्या मराठी माणसाने मराठी गाणं नेहमी लांबूनच ऐकलं आहे. निजामाच्या काळात इथे डेक्कन रेडिओ होता. त्याचा मुख्य कारभार उर्दूतून चाले, पण तेलुगू, मराठी, कानडी कार्यक्रमही होत. संस्थानाचं दुसरं रेडिओ केंद्र औरंगाबादला होतं. एप्रिल १९५० मध्ये हैदराबादचं केंद्र आकाशवाणीकडे आलं. माझा जन्मही त्याच वर्षीचा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण इथेच राहिलो. मावश्या, आत्या, काका तिकडे, आपण इकडे. तेव्हापासून मराठी ऐकायचं म्हणजे रेडिओची सुई फिरवत बसायचं. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री आकाशातल्या वरच्या थरांवरून परत फिरतात आणि लांब जातात, त्यामुळे मुंबई केंद्र दिवसा पुसट आणि रात्री बऱ्यापैकी लागे. गल्लीत ज्यांच्याकडे चांगला रेडिओ, त्यांच्या ओसरीवर आठ-दहा माणसं जमत. खरखर असायची, आवाज मधेच बुडायचा, पण जे यायचं ते सगळ्यांना एकदम यायचं. कुणीतरी "वाहवा" म्हणायचं, कुणी डोळे पुसायचं. ते ऐकणं चार माणसांचं मिळून असायचं, हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता टेलिफोन. टेलिफोन आला तेव्हा तो फक्त बोलण्यासाठी आहे असं काही ठरलेलं नव्हतं. १८८१ साली पॅरिसला विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. तिथे क्लेमां आदेर नावाच्या इंजिनीअरने ऑपेराच्या रंगमंचावर ट्रान्समीटर बसवून तारेने गाणं प्रदर्शनात आणलं. लोक दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून, रांगेत उभं राहून ऐकत. पुढे ती सेवा पॅरिसमध्ये पैसे घेऊन चालली. म्हणजे तारेवरून गाणं ऐकवायची हौस टेलिफोनइतकीच जुनी आहे.

मग गाणं मागे पडलं ते खर्चामुळे. लांबच्या गावांना जोडणारी तार महाग असते. एका तारेच्या जोडीवर एकच संभाषण चालवणं परवडेना, म्हणून एकाच जोडीवर बारा-बारा संभाषणं शेजारी शेजारी बसवायची युक्ती निघाली. त्यासाठी प्रत्येकाची जागा आखून द्यावी लागली. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. टेलिफोनने त्यातला ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा ठेवला. बोललेलं समजायला तेवढं पुरतं. "पैसे पाठवले का?" "आई बरी आहे ना?" हे समजलं की झालं.

पण गाण्याचा हिशेब बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण ६९. दोन्ही ३०० च्या खाली. वरच्या अंगाला जवारीचा तो झणकार ३,४०० च्या पुष्कळ वर जातो. म्हणजे तानपुऱ्याचा पाया खालून गेला आणि तेज वरून गेलं. गाणाऱ्याचा आवाज तरी ओळखू येतो, कारण कानाची एक खुबी आहे. वरचे स्वर मिळाले की खालचा मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो.

आमच्या बँकेच्या सुरुवातीच्या दिवसांत ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर, हिशेब तीन-तीन मिनिटांचा. त्या फोनवर कुणाला गाणं ऐकवायचं डोक्यातसुद्धा येत नसे. भारतात थेट डायल करायची एस.टी.डी.ची सोय पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनऊ यांच्यामध्ये सुरू झाली. आपल्या गल्लोगल्ली पिवळे बूथ दिसायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

गंमत म्हणजे या सगळ्या कथेत दोन आपलीच माणसं आहेत. पहिले बिष्णू अटल. जन्म १९३३, कानपूरचा. अमेरिकेत बेल लॅबमध्ये त्यांनी असं गणित बसवलं की बोलण्याचा आवाज जसाच्या तसा न पाठवता, तो काढणाऱ्या गळ्याचं वर्णन पाठवायचं. गळा, तोंड, जीभ या घडीला कशा आकारात आहेत एवढे आकडे पाठवा. पलीकडचं यंत्र त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा तयार करेल. १९८५ साली मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी जी पद्धत मांडली, तिच्या वंशावळीतल्या पद्धती पुढे जगभरच्या मोबाइलमध्ये गेल्या. बचत किती, ते सांगतो. साधा डिजिटल फोन आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. गुणाकार करा, ६४,००० बिट झाले. मोबाइलने ते काम १२-१३ हजारांत भागवलं. पाचव्या हिश्शात! बँकेत असा खर्च कुणी कमी केला असता तर त्याला चेअरमन केलं असतं.

पण पद्धत गळ्यासाठी बेतलेली. हार्मोनियमला गळा नाही. तबल्याला तर नाहीच. त्यांचा आवाज या साच्यात घातला की पाण्यातून आल्यासारखा घुसमटतो. मोबाइलवर कुणाला गाणं ऐकवताना जे चमत्कारिक ऐकू येतं, त्याचं कारण हे.

दुसरे मनमोहन सोंधी. तेही बेल लॅबचे. लांबच्या कॉलमध्ये स्वतःचाच आवाज क्षणभराने परत कानावर यायचा, आठवतंय? त्याचा बंदोबस्त करणारं यंत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात शोधलं. कल्पना अशी, की पलीकडून आलेला आवाज यंत्र लक्षात ठेवतं, आपल्या स्पीकरमधून निघून तो मायक्रोफोनमध्ये कसा शिरेल याचा अंदाज बांधतं आणि तेवढा वजा करतं. बँकेच्या भाषेत कॉन्ट्रा एंट्री. जमा तेवढंच नावे, बाकी शून्य. आज तुम्ही-आम्ही कानाला काही न लावता लॅपटॉपसमोर बसून बोलतो, ते या वजाबाकीच्या जिवावर.

मग इंटरनेट आलं. आपल्याकडे सर्वसामान्यांना ते १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळालं. इंटरनेटवरून फोन करायला भारतात कायदेशीर परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ ला. पुढच्याच वर्षी स्काइप निघालं. इकडे आपल्या गावात १९९८ साली सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं होतंच, घरोघरची मुलं कॉम्प्युटर शिकून बाहेर पडत होती. आय.एस.डी.च्या मीटरकडे बघत बोलणाऱ्या आया तासन्‌तास बोलू लागल्या. कॅसेट प्लेअर मायक्रोफोनजवळ धरून भीमसेनजी, माणिकताई ऐकवायचे प्रयोग तेव्हापासूनचे. बरंवाईट काहीतरी पोचायचं.

आणि मग २०२० आलं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. कॅशमध्ये बसायचे, नोटा मोजताना गुणगुणायचे. नाट्यपदं फार सुरेख गात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते गेले. वर्षश्राद्धाला कुणालाही येता येईना. एक मुलगा डॅलसला, एक बंगळुरूला, मुलगी पुण्याला. वहिनी बरकतपुऱ्याच्या घरी सून आणि नातू यांच्याबरोबर. घरात १९८४ च्या गणेशोत्सवातली एक कॅसेट निघाली, कुणीतरी टू-इन-वनवर भरलेली. नातवाने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ठरलं की त्या संध्याकाळी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं आणि मिळून ती ऐकायची. आम्ही बँकेतले सात-आठ जण होतो, नातेवाईक धरून पंचवीसेक घरं झाली. वहिनीही मुलांसारख्याच पलीकडचा आवाज ऐकत बसल्या होत्या, कारण गाणं मुलीने पुण्याहून लावायचं असं ठरलं होतं.

गाणं लागलं. कॅसेटवर आरंभी वीस सेकंद नुसता तानपुरा आहे. कॉलवर ते वीस सेकंद पूर्ण शांतता. "लागलं का?" "अजून नाही वाटतं." मग एकदम त्यांचा आवाज, "आता एक पद ऐकवतो," स्वच्छ, खणखणीत. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पण गायला सुरुवात झाली आणि आवाज तुटू लागला. हार्मोनियम मधेच यायची, मधेच गायब. तबला बत्ताशासारखा फुटायचा. लांब लावलेला स्वर अर्ध्यावर विरून जायचा, जणू त्यांचा दम संपला. ज्या माणसाच्या दमसासाचं सगळं ऑफिस कौतुक करायचं, त्याचा!

वहिनी दोन मिनिटं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, बंद करायला सांगा. हे त्यांचं गाणं नाही."

कुणी काही बोललं नाही. मुलीने बंद केलं.

त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं ते मला पुढे वाचून कळलं. अशा अॅपमध्ये गोंगाट काढून टाकणारी एक चाळणी असते. त्या विद्येची एक मूळ रीत १९७९ साली मांडली गेली. आवाजात जे सतत, न बदलता चालू आहे, तो गोंगाट समजून वजा करायचा. पंखा, एसी, मोटार यांच्यासाठी ती उत्तमच. पण सतत आणि न बदलता वाजणं हे तर तानपुऱ्याचं कामच! यंत्राच्या हिशेबात तानपुरा म्हणजे पंखा. लांब लावलेला स्थिर स्वर म्हणजेही पंखाच. नव्या चाळण्या तर माणसाच्या बोलण्याचे हजारो नमुने ऐकवून तयार केलेल्या आहेत, त्यांना बोलणं तेवढं राखायला शिकवलेलं आहे. म्हणून त्यांची घोषणा खणखणीत पोचली आणि गाणं पोचलं नाही.

दुसरी गोष्ट वजाबाकीची. गाणं कॉम्प्युटरच्याच स्पीकरमधून निघून मायक्रोफोनमध्ये गेलं, तर काही यंत्रणा म्हणतात, हे तर आपलंच वाजलेलं, हा प्रतिध्वनी, कापा. तिसरी गोष्ट, पंचवीस घरांत कुणाचा तरी माइक उघडा असतो. कुणी खोकलं, कुणाचा कुकर वाजला, की अॅपला वाटतं हा आता बोलतोय, याला पुढे आणा, आणि गाणं मागे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण "टेक्नॉलॉजीच वाईट" असं म्हणून आपण मोकळे होतो. आजच्या तारेला गाणं झेपत नाही, असं नाही. २०१२ साली ओपस नावाची आवाज बांधायची एक खुली पद्धत जाहीर झाली. त्यात एक भाग बोलण्यासाठीचा, तो स्काइपच्या पद्धतीतून आलेला, आणि दुसरा संगीतासाठीचा. ती थेट २०,००० हर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे कानाला ऐकू येतं तेवढं सगळं. झूमनेही २०२० सालीच संगीत शिकवणाऱ्यांसाठी वेगळी उच्च दर्जाची सोय दिली. अडचण आहे ती आधीपासून लावून ठेवलेल्या सेटिंगची. ते बोलण्यासाठी लावलेलं असतं, कारण बहुतेक लोक ऑफिसच्या मीटिंगा करतात. तार महाग होती तेव्हा केलेली काटकसर, तार स्वस्त झाल्यावरही चालू राहिली.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने होणार नाही. ती म्हणजे कॉलवर सगळ्यांनी मिळून आरती म्हणणं. प्रत्येक गणपतीत कुणीतरी हा प्रयत्न करतं आणि टाळ्यांचा चिवडा होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मिळून गाणाऱ्यांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, म्हणजे आठ-दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाबरोबर गाणं. इथून न्यू जर्सी सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. तार अगदी सरळ टाकली तरी एका बाजूला ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात शंभर-दीडशे, कधी त्याहून जास्त. १५० धरले तर पन्नास मीटरवरच्या माणसाबरोबर टाळ्या वाजवण्यासारखं झालं. तेव्हा एका घराने म्हणावी आणि बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी साथ द्यावी. तेवढ्यावरच समाधान मानायचं.

वहिनींच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. नातवाने डोकं चालवलं. पुढच्या रविवारच्या आत त्याने ती फाइल पंचवीस घरांना आधीच पाठवून दिली. रविवारी सगळे कॉलवर आले, माइक बंद केले, आणि त्याने "एक, दोन, तीन" म्हटल्यावर प्रत्येकाने आपापल्या घरी गाणं लावलं. कॉल फक्त एकमेकांना दिसण्यासाठी. वहिनींसमोर मूळ कॅसेट, जुन्या टू-इन-वनवर. एखाद्या सेकंदाचा फरक पडला असेल, पण कुणाला कळणार! वीस सेकंद तानपुरा वाजला. पडद्यावर पंचवीस चौकोनांत पंचवीस घरं स्तब्ध. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. जवळजवळ एकदम म्हणा. भैरवी संपल्यावर डॅलसच्या मुलाने माइक उघडला आणि म्हणाला, "आई, तुला आठवतं, या दिवशी मी त्यांच्या मांडीवर झोपलो होतो." वहिनी म्हणाल्या, "हौ. आणि त्यांनी तुझ्या डोक्यावरच ठेका धरला होता."

हे लिहिण्याचा उद्देश आता सांगतो. फाइल नुसती पाठवता येते; ज्याने त्याने सवडीने ऐकावी. पण सवडीने कुणी ऐकत नाही, हा अनुभव आहे. ओसरीवरच्या रेडिओसारखं चार माणसांनी एका वेळी ऐकलं तर त्या गाण्याबरोबर आठवणी बाहेर येतात. मांडीची आठवण त्या मुलाने त्याआधी कधी सांगितलेली नव्हती. आपली पुढची पिढी चार देशांत आहे, तेव्हा मिळून ऐकायचं तर याच तारेवरून.

म्हणून थोड्या सूचना. गाणं कॉलवर लावायचं असेल तर मोबाइलऐवजी लॅपटॉप घ्या. स्क्रीन शेअर करताना "कॉम्प्युटरचा आवाजही शेअर करा" अशी खूण असते, ती करा. मग गाणं स्पीकर-मायक्रोफोनचा वळसा न घेता आतूनच जातं. स्वतः गाणार असाल किंवा वाद्य वाजवणार असाल तर "मूळ आवाज" किंवा "संगीत" अशा नावाचं बटण सेटिंगमध्ये शोधा, ते चाळणी बंद करतं. ते लावलं तर कानाला इअरफोन लावा. बाकी सगळ्यांनी माइक बंद. व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोचते. आणि काहीच जमलं नाही तर नातवाची "एक, दोन, तीन" पद्धत आहेच.

शेवटची विनंती कॅसेटींची. आपल्या घराघरांत गणेशोत्सवाच्या, मुंजींच्या, कोजागिरीच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांच्या फितीवरचा लेप दरवर्षी थोडा थोडा झडतो, आणि चालू स्थितीतले प्लेअर मिळणं अवघड होत चाललंय. माझ्याकडे एक चांगला प्लेअर आहे, वायर आहे आणि वेळ भरपूर आहे. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांनी खाली कळवा. मी उतरवून देईन, कॅसेट सहीसलामत परत मिळेल, हवी तर पावती देतो. वीस-पंचवीस झाल्या की महिन्यातून एक रविवार ठरवू आणि सगळे मिळून ऐकू. पहिल्या रविवारी ती १९८४ ची कॅसेट लावायची आहे. वहिनींनी परवानगी दिली आहे.